सायकलस्वार आणि चौक : अपघातापूर्वीचा उपचार

रुग्णालयाच्या सेवाकार्याचा वर्षभराचा वृत्तान्त आपणांपुढे सादर करीत असताना, समाजाच्या आरोग्याशी निगडित असलेल्या एखाद्या प्रश्नाचा परिचय करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते. या वेळी निवडलेला विषय वरकरणी वैद्यकीय नाही. तो आहे शहरातील चौकांचा आणि त्या चौकांतून सायकलने जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा. परंतु अपघात विभागातील खाटेवर रुग्ण येतो तेव्हा त्याच्या दुखापतीचे स्वरूप बहुतांशी रस्त्यावरच ठरून गेलेले असते. म्हणून हा विषय आमचाही आहे.

केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी १५,२२४ मृत्यू महाराष्ट्रातील होते. देशातील या मृतांमध्ये पादचारी व दुचाकीस्वार मिळून सुमारे ६४ टक्के होते. ज्याच्या भोवती पत्र्याचे कवच नाही, त्याच्याच वाट्याला अधिक हानी येते. सायकलस्वार याच वर्गातला. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार, बांधकामावर जाणारा गवंडी ही मंडळी हौसेने नव्हे, तर गरजेपोटी सायकल चालवितात. अशा कर्त्या माणसाचा पाय गेला की घराचा आधारच जातो.

चौकातच धोका अधिक का?

सरळ रस्त्यावर वाहने एका दिशेने जातात. चौकात त्यांचे मार्ग एकमेकांस छेदतात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्यामुळे सायकलस्वारास सर्वाधिक भय असते ते डावीकडे वळणाऱ्या अवजड वाहनाचे. लांब ट्रक किंवा बस वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती आतल्या बाजूने, पदपथाला लगटून जातात. नियमाप्रमाणे डाव्या कडेने जाणारा सायकलस्वार नेमका तेथेच असतो. चालकाची बैठक उंच आणि उजव्या बाजूस असल्याने डाव्या दाराखालचा भाग त्याला आरशातूनही पुरता दिसत नाही. चूक कोणाचीही नसताना अपघात घडावा, अशी ही रचना आहे.

अशा अपघातात कंबरेचे व मांडीचे हाड चिरडले जाते. मांडीचे हाड मोडले तर बाहेर जखम फारशी न दिसताही दीड लिटरपर्यंत रक्त आतल्या आत वाहू शकते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त असते सुमारे पाच लिटर. शिरस्त्राणामुळे मस्तकाचे रक्षण होते आणि ते अवश्य वापरावे. मात्र चाकाखाली आलेल्या कंबरेचे रक्षण त्याने होत नाही.

दुसरे कारण वेगाचे. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाहनातील गतिज ऊर्जा ताशी ३० किलोमीटरच्या तुलनेत पावणेतीन पटींहून अधिक असते. धोका ओळखून ब्रेक दाबण्यात एक सेकंद गेला, तर पहिले वाहन तेवढ्यात सुमारे १४ मीटर पुढे आलेले असते, दुसरे सुमारे ८ मीटर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताची जोखीम ४ टक्क्यांनी वाढते.

तिसरे कारण वेळेचे. ३६ मीटर रुंदीचा चौक ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार सव्वातीन सेकंदांत ओलांडते. ताशी १२ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वारास त्यासाठी जवळजवळ ११ सेकंद लागतात. सिग्नलची वेळ मोटारीच्या हिशेबाने ठरविली, तर तो चौकाच्या मध्यावर असतानाच आडव्या रस्त्यावरील वाहने सुटतात.

उपाय कोणते?

आनंदाची गोष्ट अशी की यावरील उपाय ज्ञात आहेत. सिग्नलपाशी वाहनांच्या थांबरेषेपुढे सायकलींसाठी रंगविलेली मोकळी जागा ठेवली, तर सायकलस्वार चालकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. सायकलींना काही सेकंद आधी हिरवा दिवा मिळाला, तर इतर वाहने वळण्यापूर्वी ते पुढे निघून जातात. कोपऱ्याचे वळण काटकोनाकडे झुकते ठेवले की वाहनास वेग कमी करावाच लागतो; याउलट विनाथांबा डावीकडे जाऊ देणारे पसरट वळण वेगास आमंत्रण देते.

याहून परिपूर्ण रचना नेदरलँड्समध्ये आढळते. तेथे कोपऱ्यावर लहानसे उंच बेट बांधून सायकल मार्ग मुख्य रस्त्यापासून सुमारे एका मोटारीच्या लांबीइतका आत घेतात. वळणारे वाहन सायकलस्वारासमोर जवळजवळ काटकोनात येते. चालकाला तो समोर दिसतो आणि थांबण्यास जागा मिळते. तेथे वाहने उजवीकडून चालतात; आपल्याकडे हीच रचना आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी करावी लागेल.

नेदरलँड्समध्येही हे आपोआप घडले नाही. १९७१ साली त्या देशात रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांची हत्या थांबवा’ अशी हाक देत पालक रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईने त्या विचारास बळ दिले. अलीकडच्या वर्षांत, लोकसंख्या पुष्कळ वाढूनही, हा वार्षिक आकडा ७५० च्या आत राहिला आहे. याचे श्रेय सीटबेल्ट, सुरक्षित वाहने आणि तत्पर वैद्यकीय सेवेलाही आहे. तरी रस्त्यांच्या पुनर्रचनेचा वाटा त्यात मोठा आहे.

आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. २००६ साली सुरू झालेल्या बीआरटी मार्गांलगत सायकल मार्ग बांधण्यात आले आणि २०१७ मध्ये महानगरपालिकेने शहरासाठी सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. सायकल मार्गांच्या रचनेविषयी इंडियन रोड काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. परंतु चौकाच्या अलीकडेच संपणारा सायकल मार्ग हा नदीच्या काठाशी थांबलेल्या पुलासारखा होय. जेथे आधाराची गरज सर्वाधिक, तेथेच तो सुटतो.

आपण काय करू शकतो?

आपल्या घराजवळचा, शाळेजवळचा एखादा धोक्याचा चौक हेरून क्षेत्रीय कार्यालयास व वाहतूक पोलिसांस लेखी कळवावे. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची पद्धत पुणे महानगरपालिकेने २००६ च्या सुमारास सुरू केली. थांबरेषा, रंगपट्टे, कोपऱ्यावरील बेट ही कामे त्यात सुचविण्याजोगी आहेत. वाहन चालविताना डावीकडे वळण्यापूर्वी क्षणभर थांबून कडेला पाहावे. सायकलस्वाराने ट्रक वा बसच्या डाव्या अंगास उभे राहू नये, मागेच थांबावे. अपघातग्रस्तास रुग्णालयात आणण्यास कचरू नये. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सद्हेतूने मदत करणाऱ्यास कायदेशीर संरक्षण दिले आहे.

निर्धन रुग्ण निधीतून आणि दात्यांच्या औदार्यातून आम्ही मोडलेली हाडे सांधतो, पुढेही सांधत राहू. मात्र कापावा लागलेला पाय कोणत्याही देणगीने परत येत नाही. तो पाय वाचविण्याची जागा शस्त्रक्रियागृहात नसून चौकात आहे. थांबरेषेपुढील रंगाचा एक पट्टा एखाद्या घराचा कर्ता माणूस वाचवू शकेल. आपण सर्व हितचिंतकांनी या अपघातापूर्वीच्या उपचारासही रुग्णसेवेचाच एक भाग मानावे, अशी आमची नम्र विनंती आहे.