आठ पायांच्या चिपमधला रेडिओ

घरी बांधलेला एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, रिसीव्हर उघडून पाहा. गँग कंडेन्सर नाही, आयएफटीचे चौकोनी पत्र्याचे डबे नाहीत, डायलची दोरी तर नाहीच. हाताने गुंडाळलेली चार टोरॉइडं, एक ऑसिलेटर, एक स्विच-आयसी, एक ऑप-अँप आणि कोपऱ्यात आठ पायांची एटीटायनी८५. बाकीचं काम कॉम्प्युटर करतो. साऊंड कार्डाच्या डाव्या-उजव्या वाटेने आलेले, एकमेकांपासून ९० अंश सरकलेले दोन सिग्नल घेऊन तो गाळतो आणि ऐकवतो. पाहणारे त्याच्या रंगीत पडद्यावर भाळतात. माझ्या मते या रेडिओचा स्वभाव ठरतो त्या कोपऱ्यातल्या चिपमध्ये. तिचं फर्मवेअर कुणीतरी दिलं तसंच भरलं, तर रिसीव्हर चालतो. पण तो त्या कुणाचा तरी असतो.

वंशावळ थोडक्यात. डॅन टेलो यांचा स्विचिंग डिटेक्टर, जेराल्ड यंगब्लड यांची २००२ मध्ये सुरू झालेली ‘क्यूईएक्स’ द्वैमासिकातली लेखमाला, मग टोनी पार्क्स यांची स्वस्त ‘सॉफ्टरॉक’ किट्स. जर्मनीतल्या टॉम बायर यांनी त्या किट्सना यूएसबीवरून ट्यून करणारी जोडणी दिली आणि नेदरलँड्सच्या फ्रेड क्रोम यांनी फर्मवेअर वाढवत नेलं. ते आज वसई पूर्वेच्या एखाद्या फ्लॅटमध्ये चिपमध्ये उतरतं, कारण त्याचा सोर्स कोड मोकळा आहे.

या चिपला मुळात यूएसबी येतच नाही. ८ केबी फ्लॅश आणि ५१२ बाइट रॅम, एवढीच तिची पुंजी. व्हिएन्नातल्या ऑब्जेक्टिव्ह डेव्हलपमेंटची व्ही-यूएसबी ही लायब्ररी निव्वळ सॉफ्टवेअरच्या जोरावर दोन साध्या पायांना यूएसबी बोलायला लावते. वेग सेकंदाला १५ लाख बिट, १६.५ मेगाहर्ट्झवर एका बिटामागे प्रोसेसरला फक्त ११ ठोके मिळतात. क्रिस्टल लावायलाही पाय उरलेला नाही. मग चिप कॉम्प्युटरच्या एक मिलिसेकंदाच्या फ्रेम मोजून स्वतःचं घड्याळ लावून घेते. तुम्ही मध्येच आपला कोड घुसवलात आणि इंटरप्ट जरा जास्त वेळ अडवून धरलात, की कॉम्प्युटर ‘उपकरण ओळखता आलं नाही’ म्हणून मोकळा. नवशिक्या अशा वेळी सोल्डरिंग तपासत बसतो.

दुसरं काम गणिताचं. सॉफ्टरॉक घराण्यातला ऑसिलेटर म्हणजे एसआय५७०. ७.१ मेगाहर्ट्झ ऐकायचं तर डिटेक्टरसाठी चौपट, म्हणजे २८.४ मेगाहर्ट्झ हवेत. एसआय५७० च्या पोटातला मूळ ऑसिलेटर मात्र ४.८५ ते ५.६७ गिगाहर्ट्झमध्येच चालतो. म्हणून ११ गुणिले १६, म्हणजे १७६ हा भाजक घ्यायचा. मूळ ऑसिलेटर ४९९८.४ मेगाहर्ट्झवर बसतो. त्याला आतल्या क्रिस्टलच्या ११४.२८५ ने भागलं की ४३.७३६ च्या आसपासचा आकडा येतो, आणि तो ३८ बिटांत लिहायचा. आठ बिटांच्या प्रोसेसरवर दशांशाची तयार लायब्ररी आणली तर ती जागा खाते, म्हणून सगळं पूर्णांकांत मांडावं लागतं. शिवाय ११४.२८५ हा आकडा छापील; प्रत्येक नगाचा खरा आकडा थोडा वेगळा निघतो. दशलक्षात दहा भागांची चूक ७.१ मेगाहर्ट्झवर ७१ हर्ट्झ होते. चिपमधली फॅक्टरीची मूल्यं वाचून आपल्या नगाचं क्रिस्टल काढायचं आणि ते ईईप्रॉममध्ये टाकायचं, ही आपलेपणाची पहिली पायरी.

आता वसईची हवा. खाडीपलीकडे मालाडच्या मालवणीत आकाशवाणीचे मीडियम वेव्ह ट्रान्समीटर. ५५८ आणि १०४४ किलोहर्ट्झ हे आकडे मुंबईकरांच्या कानांत बसलेले. एवढा बलदंड सिग्नल गाळणीशिवाय आत आला तर ऑप-अँप दबून जातो. पश्चिम रेल्वेच्या लोकलवर २०१२ पासून सगळीकडे २५ हजार व्होल्टची तार. पँटोग्राफची ठिणगी उडाली की पडद्यावर आडवी रेघ. त्यात सोसायटीभर एलईडी ड्रायव्हर आणि चार्जर. लाइट गेली, की बॅटरीवर चालणाऱ्या रिसीव्हरमध्ये बँड अचानक स्वच्छ होतो. वीज गेल्यावर खूश होणारा माणूस वसईत हौशी रेडिओवाल्या हॅमशिवाय दुसरा नसावा!

ठिणगीवर फर्मवेअरचा इलाज नाही, गाळणीवर आहे. मूळ फर्मवेअर ४, ८ आणि १६ मेगाहर्ट्झला बँडपास फिल्टर बदलतं. हे आकडे त्या किटच्या कॉइलींसाठी. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कोअरवर तुम्ही तुमच्या अंदाजाने वेटोळी घातलीत, तर फिल्टरचा माथा भलतीकडेच बसतो. तो मोजून बदलाच्या सीमा सरकवायच्या. पण चार फिल्टर निवडायला दोन पाय लागतात. वीज, ग्राउंड, यूएसबी आणि ऑसिलेटर यांचे पाय वजा केले तर दोनच उरतात आणि त्यांतला एक रिसेटचा. फ्यूज बिट बदलून तो कामाला लावता येतो; मात्र त्यानंतर साध्या प्रोग्रामरने चिप पुन्हा लिहिता येत नाही, रिसेटवर १२ व्होल्ट देणारा प्रोग्रामर लागतो. फ्यूज शेवटी बदलावा, हे शहाणपण बहुतेकांना एखादी चिप अडकल्यावरच येतं.

एसआय५७० महाग, म्हणून हल्ली स्वस्त एसआय५३५१ लावतात. त्याची रजिस्टरं पूर्ण वेगळी. तेव्हा फर्मवेअरला बहुरूप्याचं सोंग घ्यावं लागतं: कॉम्प्युटरला वाटत राहतं की समोर एसआय५७० च आहे, आणि चिप आत त्या आज्ञांचा अर्थ लावून ५३५१ ला वेगळंच सांगते. फायदा असा की ५३५१ स्वतःच ९० अंश सरकलेले दोन आउटपुट देतो, चौपटीची गरज राहत नाही. ७.१ साठी भाजक ९०, आतला ऑसिलेटर ६३९ मेगाहर्ट्झवर, आणि फेजच्या रजिस्टरातही ९०च. मात्र ते रजिस्टर सात बिटांचं, १२७ च्या पुढे जात नाही. आतला ऑसिलेटर ६०० च्या खाली उतरवायचा नाही असं डेटाशीट सांगतं. म्हणजे ही युक्ती साधारण ४.७ मेगाहर्ट्झला संपते आणि हिवाळ्यातल्या रात्री गप्पा रंगणारा ८० मीटरचा बँड बाहेर राहतो. काहीजण ऑसिलेटर बेधडक ६०० च्या खाली चालवतात, चालतोही. मला मात्र जुनाच मार्ग बरा वाटतो. ७४एसी७४ चे दोन फ्लिप-फ्लॉप परत लावायचे, ३.६ साठी १४.४ मेगाहर्ट्झ द्यायचे, आणि कोडमध्ये एक ‘इफ’ वाढवायचा. ८ केबीत तेवढी जागा निघते.