जुन्या बॅटऱ्यांचा धंदा: १,५०० कोटींच्या बातमीमागचं गणित

'बॅटरी रिसायकलिंगला सरकार १,५०० कोटी देतंय, मग युनिट टाकू का?' असा विचार करत असाल, तर पैसे गुंतवण्याआधी ही साखळी समजून घ्या.

मोबाईल, लॅपटॉप, ई-स्कूटर यांच्या लिथियम-आयन बॅटरीत लिथियम असतं. अनेक प्रकारांत कोबाल्ट आणि निकेलही असतं. केंद्राने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत हे तिन्ही धातू आहेत, आणि यासाठी आपण जवळजवळ पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहोत.

आपल्या नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आठवा. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, पडलेला पाऊस अडवायचा आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायची. धातूंचंही तसंच आहे. जे आधीच घराघरांत आलंय, ते आधी अडवायचं.

या कामाच्या तीन पायऱ्या आहेत:

१. जुन्या बॅटऱ्या गोळा करून वर्गवारी करणे.
२. त्या डिस्चार्ज करून दळणे. यातून निघणाऱ्या काळ्या पुडीला 'ब्लॅक मास' म्हणतात.
३. रसायनं वापरून त्या पुडीतून धातू वेगळे काढणे.

आता नीट वाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेली ती योजना तिसऱ्या पायरीसाठी आहे. नुसता ब्लॅक मास बनवणाऱ्याला त्यातून अनुदान नाही, मग भंगार गोळा करणाऱ्याला कुठून मिळणार? एक तृतीयांश रक्कम लहान आणि नव्या रिसायकलर्ससाठी राखीव आहे हे खरं, पण तिथेही धातू काढणारा प्लांट लागतोच. त्यामुळे 'गोडाऊन घ्या, सबसिडी मिळवून देतो' असं कोणी म्हणालं, तर हात जोडून निघा.

मग आपल्यासाठी काय? पहिली पायरी. इथे कमाई वर्गवारीत आहे. मोबाईलच्या बॅटरीत सहसा कोबाल्ट असतो. एलएफपी प्रकारच्या बॅटरीत कोबाल्टही नाही, निकेलही नाही, म्हणून तिला भाव कमी. सगळं एकत्र विकलं, तर चांगला मालही हलक्या भावात जातो.

माल नोंदणीकृत रिसायकलरलाच द्या. नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासा. बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना २०२२ च्या नियमांनुसार ईपीआर प्रमाणपत्रं लागतात, ती अशाच रिसायकलरकडून मिळतात. म्हणजे त्यालाही तुमचा माल हवाच असतो. वजनाची पावती आणि बिल जपून ठेवा.

एक गोष्ट अजिबात करू नका: बॅटरी फोडणं, जाळणं किंवा सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये उकळणं. फुगलेली बॅटरी वेगळी, कोरड्या जागी ठेवा. टोकांना टेप लावा. एका बॅटरीने अख्खं गोडाऊन पेटू शकतं.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या तालुक्यातली मोबाईल रिपेअरिंगची दुकानं आणि ई-बाईक डीलर फिरा. महिन्याला किती किलो बॅटऱ्या निघतात ते लिहा. मग दोन रिसायकलर्सना भाव, कमीत कमी वजन आणि गाडीभाडं विचारा. गोडाऊनला कोणती परवानगी लागेल, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात विचारा. एक गाडी भरायला किती महिने लागतील आणि तोवर किती भांडवल अडकेल, ते मांडा. आकडे जुळले तरच गोडाऊन बघा.