कुंडीतल्या लिंबाचा उन्हाळा

भाईंदरच्या गच्चीवर कुंडीत वाढवलेल्या लिंबाची कोवळी फळे एप्रिल-मेच्या उन्हात का गळतात? पाने बाष्पोच्छ्वासाने थंड राहतात. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेवढ्या उष्णतेने ३० अंश सेल्सिअसचे ८ लिटर पाणी उकळीला येईल! पण मुळांना पाणी कमी पडले, की पर्णरंध्रे मिटतात, पाने तापतात आणि झाड फळे टाकते. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हाने मुळेही तापवते. मातीची सच्छिद्र कुंडी मात्र माठासारखी गार राहते. खाडीकाठच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून पालापाचोळ्याचे आच्छादन आणि दुपारची सावलीही द्या. दोन्ही कुंड्यांच्या मातीत तापमापक ठेवून पाहा. कोणते झाड फळे राखते, याचीही नोंद करा.