लहान कर्जें व त्यांची खातेवही

सायंकाळीं घरचीं कामें आटोपून आपल्या माता, मावश्या किंवा शेजारच्या काकू बचत गटाच्या सभेस जातात, हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. तेथें कोणी पन्नास-शंभर रुपये शिल्लक टाकते, कोणी शेळी घेण्याकरितां कर्ज मागते, आणि गटांतील एक लिहितीवाचती बाई तें सर्व वहींत उतरून घेते. ती वही दिसावयास साधी. परंतु तींत किती जणींची अब्रू सांठविलेली असते, याचा विचार आपण क्वचितच करितों. त्या वहीविषयीं व तिच्या जागीं आलेल्या यंत्राविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांच्यापाशीं तारण ठेवण्यास घर नाहीं, शेत नाहीं, अशा लोकांस अल्प रकमेचें कर्ज देण्याच्या व्यवहारास सूक्ष्म पतपुरवठा म्हणतात. बांगलादेशांतील जोब्रा नांवाच्या खेड्यांत १९७६ सालीं अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनीं ४२ जणांस मिळून अवघे २७ डॉलर दिले. त्या बीजांतून १९८३ सालीं ग्रामीण बँक उभी राहिली. आपल्या देशांत नाबार्ड या संस्थेनें १९९२ सालीं ५०० बचत गट बँकांशीं जोडण्याचा प्रयोग आरंभिला.

गांवचा सावकार दहा-वीस ऋणकोंचा हिशेब डोक्यांत ठेवूं शकतो. परंतु ज्या संस्थेचे ऋणको लाखांनीं मोजावे लागतात, व त्यांतील प्रत्येकाचा हप्ता दर आठवड्यास किंवा दरमहा येतो, तिनें काय करावें? कर्ज लहान म्हणून त्याचें लिहिणें कांहीं लहान होत नाहीं. लाख रुपयांच्या कर्जाचे बारा हप्ते लिहावे लागतात, तसे पांच हजारांच्या कर्जाचेही बाराच लिहावे लागतात. हा लिहिण्याचा खर्च कर्जाच्या मानानें भारी पडतो, आणि शेवटीं व्याजाच्या रूपानें तो गरिबाच्याच माथीं बसतो. म्हणून या कामीं संगणकाची गरज उत्पन्न झाली.

नोंदी घेणें, त्या जुळविणें व जें कळावयास हवें तें चालकांस वेळेवर कळविणें, या सर्व व्यवस्थेस व्यवस्थापन माहिती पद्धति असें भारदस्त नांव आहे. तिचें काम एका उदाहरणानें पाहूं. समजा, एका बाईनें १०,००० रुपये कर्ज घेतलें व व्याजाशिवाय दरमहा १,००० रुपये मुद्दल फेडावयाचें ठरलें. दोन हप्ते आले. तिसरा चुकला व त्यावर महिना लोटला. थकबाकी किती? साधी वही सांगते, १,००० रुपये. परंतु जिला हा हप्ता देतां आला नाहीं, तिचे पुढील हप्तेही अडण्याचा संभव आहे. म्हणून खरोखर धोक्यांत आलेली रक्कम म्हणजे राहिलेले सर्व ८,००० रुपये होत. चांगली पद्धति ३० दिवसांहून अधिक काळ हप्ता थकलेल्या सर्व कर्जांची संपूर्ण बाकी मोजते, व संस्थेच्या एकंदर येण्याशीं तिचें प्रमाण दाखविते. हा आंकडा वेळींच कळला, तर संस्थेचा माणूस त्या घरीं जाऊन पीक बुडालें कीं कोणी आजारी पडलें, याची चौकशी करूं शकतो, व हप्ते नव्यानें बांधून देतां येतात. उशिरां कळला, तर तगाद्यावांचून दुसरें कांहीं उरत नाहीं.

माहिती अपुरी असली म्हणजे काय अनर्थ होतो, हें २०१० सालीं आंध्र प्रदेशांत दिसून आलें. तेथें एकाच बाईस अनेक संस्थांनीं कर्जें दिलीं होतीं. पहिल्या संस्थेच्या खात्यांत हप्ता वेळेवर जमा दिसे. परंतु कित्येकदां तो दुसरीकडून घेतलेल्या कर्जांतून आलेला असे, व हें मात्र पहिलीस दिसत नसे. पुढें तगादा असह्य झाला, आत्महत्यांच्या वार्ता आल्या, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत राज्य सरकारनें वटहुकूम काढून वसुलीवर कडक निर्बंध घातले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनें २०११ च्या नियमांनीं अशा संस्थांस पतमाहिती कंपन्यांचें सभासदत्व आवश्यक केलें, जेणेंकरून एकीचें कर्ज दुसरीस दिसावें. २०२२ च्या नियमांप्रमाणें तर सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक होऊं नयेत, अशी मर्यादा ठरली आहे. सर्वांच्या वह्या एकत्र पाहिल्यावांचून ही मर्यादा पाळतां येणार नाहीं, हें उघड आहे.

तथापि यंत्रास खरें-खोटें कळत नाहीं. सभेंत दिलेला हप्ता कोणी लिहिलाच नाहीं, तर संगणक त्या बिचारीस थकबाकीदारच ठरवील, व तिचें नांव इतर संस्थांकडेही तसेंच जाईल. नाबार्डनें २०१५ सालीं ई-शक्ति योजनेचा आरंभ झारखंडांतील रामगड व आपल्या महाराष्ट्रांतील धुळे या दोन जिल्ह्यांत केला. तींत गटांचे हिशेब संगणकावर चढवून सभासदांस त्यांच्याच भाषेंत मोबाइलवर संदेश पाठविण्याची सोय ठेविली गेली. हा संदेश म्हणजे ऋणकोच्या हातीं आलेली खातेवहीच होय. मात्र ती वाचणारें कोणी तरी घरांत पाहिजे.

तें काम आमच्या विद्यार्थ्यांचें आहे. आईनें किती दिले, पासबुकांत किती लिहिले व संदेशांत किती आले, हे तीन आंकडे सभेच्या दिवशींच ताडून पाहावे. तफावत आढळल्यास आईस सांगावें, आणि तिनें ती पुढच्या सभेंत विनासंकोच विचारावी. पालकांनींही या कामीं मुलांस जवळ बसवून घ्यावें. शाळेंत शिकलेल्या बेरीज-वजाबाकीचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं.