पायथनची तीन स्थलांतरे

एकाच आज्ञावलीत अनेकांनी केलेला प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद जपणाऱ्या साधनाला आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. पायथन या मुक्तस्रोत संगणकभाषेच्या प्रकल्पाने ही प्रणाली १२ वर्षांत तीनदा बदलली.

आरंभीची सीव्हीएस प्रणाली प्रत्येक फाइलचा इतिहास स्वतंत्रपणे ठेवत असल्यामुळे अनेक फाइलींतील एकत्रित बदल एकसंध नोंदवता येत नसे. ही उणीव दूर करणारी सबव्हर्जन प्रणाली २००५ मध्ये स्वीकारली गेली. मात्र सबव्हर्जनमध्ये संपूर्ण इतिहास एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर राहत असे आणि तेथे लिहिण्याचा अधिकार नसलेल्यांना आपल्या कामाची टप्प्याटप्प्याने नोंद ठेवणे अवघड जाई. म्हणून गिट, बझार आणि मर्क्युरियल या तीन वितरित प्रणालींची, म्हणजे प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण इतिहासाची प्रत ठेवणाऱ्या प्रणालींची, तुलना करून २००९ मध्ये मर्क्युरियलची निवड झाली आणि २०११ मध्ये स्थलांतर पूर्ण झाले. पुढे नव्या सहभागींना गिट अधिक परिचित असल्याने आणि त्यांचे बदल तपासून सामावून घेण्याचे काम सुलभ व्हावे या हेतूने प्रकल्प फेब्रुवारी २०१७ मध्ये गिटवर आधारित गिटहब या संकेतस्थळावर गेला.

अशा स्थलांतरात जुन्या नोंदींचे क्रमांक बदलतात. त्यामुळे जुने संदर्भ आणि योगदान देणाऱ्यांची नावे अचूक जुळवणे, हीच त्यातील खरी कसोटी ठरते.