ऑटो होल्डचे बटण : केव्हा लावावे, केव्हा बंद ठेवावे

भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांतून आमची कितीतरी मुले आज ड्रायव्हरकी करून घर चालवितात. कुणी साहेबांच्या गाडीवर कायम आहे, कुणी ॲपवरची टॅक्सी चालवितो, तर कुणी बदली म्हणून रोज वेगळ्या मालकाची गाडी हाती घेतो. हल्ली पुष्कळ गाड्यांत हँडब्रेकच्या दांड्याऐवजी बटण आले आहे आणि त्याच्याशेजारी बहुधा ‘ऑटो होल्ड’चे दुसरे बटण असते. ते कशासाठी, हे मालक सांगत नाही आणि नोकरीच्या भीतीने आमचा मुलगा विचारीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबविली की हे यंत्र ब्रेकचा दाब तसाच धरून ठेवते. पाय उचलला तरी गाडी हलत नाही. ॲक्सिलरेटर हलकेच दाबला की ब्रेक आपोआप सुटतो. मात्र सीटबेल्ट लावलेला व दार बंद असावे लागते. गाडी थांबल्यावर समोरचा होल्डचा दिवा, जो बहुतेक गाड्यांत हिरवा असतो, लागलेला पाहूनच पाय उचलावा.

लालबहादूर शास्त्री मार्गावर मंगतराम पेट्रोल पंपापाशी किंवा सोनापूरच्या सिग्नलला दिवसातून दहादा उभे राहणाऱ्याच्या गुडघ्याला याचा मोठा आराम आहे. चढावर थांबून पुन्हा निघतानाही गाडी मागच्या रिक्षावर घसरत नाही. (चढावर दोन-तीन सेकंदच गाडी धरणारी ‘हिल होल्ड’ ही सोय वेगळी. दोहोंत गल्लत नको.)

पण मुंगीच्या पावलाने सरकणाऱ्या रांगेत, गल्लीत गाडी मागे घेताना, पार्किंगमध्ये इंच-इंच सरकविताना हे बटण बंदच ठेवावे. ऑटोमॅटिक गाडी एरवी ब्रेक सैल केला की हळूच सरकते. होल्ड लागला असेल तर दरवेळी ॲक्सिलरेटर द्यावा लागतो, आणि तो जरा जास्त झाला की गाडी झटका घेते. आमच्या गल्ल्यांत बंपरपुढे हातभर अंतरावर पोरे खेळत असतात.

दुसरा धोका बॅग काढायला उतरण्याचा. होल्ड म्हणजे पार्किंग ब्रेक नव्हे. बेल्ट सोडताच काही गाड्या आपण होऊन पार्किंग ब्रेक लावतात, पण त्या भरवशावर राहू नये. साहेब कितीही घाईत असोत, गिअर ‘पी’वर, पार्किंग ब्रेक लावलेला, मगच दार उघडावे.

आम्हांला खरी काळजी बदली ड्रायव्हरची वाटते. आठवडाभर होल्डच्या गाडीवर पाय उचलण्याची सवय लागते. सोमवारी हाती येते बिनहोल्डची गाडी. सिग्नलला पाय नकळत उचलला जातो आणि पुढे झेब्रा क्रॉसिंगवर माणसे असतात. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात बेस्टची विजेवरची बस गर्दीत घुसून अनेकांचे प्राण गेले. त्या घटनेचा या बटणाशी संबंध नाही, पण अशा बसचे पुरेसे शिक्षण चालकाला दिले होते काय, हा प्रश्न तेव्हा सर्वत्र विचारला गेला. खाजगी गाडीवरच्या ड्रायव्हरला तर शिक्षण देणारे कुणीच नसते!

तेव्हा नवी गाडी हाती आली की मालकाकडे पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि मोकळ्या, सपाट जागी दोन-चारदा थांबवून पाहावी. गाडीचे पुस्तक बहुधा डाव्या बाजूच्या कप्प्यात असते. ते इंग्रजीत असेल तर घरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून होल्डची तेवढी पाने वाचून घ्यावीत.