सहीच्या भरवशावरची निवडणूक

विषम सालातल्या मे महिन्यात अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातल्या मतदाराच्या टपालपेटीत जो लिफाफा पडतो, त्यातल्या मतपत्रिकेवर ना राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार असतात, ना सिनेटचे. असतं ते शाळा मंडळ, अग्निशमन मंडळ, पाणीपुरवठा, वाचनालय, बागबगीचे. काही भागांत डासांच्या बंदोबस्तासाठी वेगळं मंडळ असतं, तर काही ठिकाणी दफनभूमीच्या देखभालीसाठी. अशी मंडळं राज्यात शेकडो आहेत आणि त्यांचे सभासद लोकांनी निवडायचे असतात. आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद अशी उतरंड असते. तिथं कामाप्रमाणे मंडळ आणि मंडळाप्रमाणे हद्द. या हद्दी एकमेकींवरून इतक्या आडव्यातिडव्या जातात, की रस्त्याच्या या बाजूच्या घराची मतपत्रिका समोरच्या घरापेक्षा वेगळी असू शकते.

आता डास मंडळाचा सभासद निवडायला कामाच्या दिवशी रांगेत कोण उभं राहणार? ऑरेगॉनची टपाली निवडणूक या रोकड्या प्रश्नातून जन्माला आली. आज अमेरिकेत या पद्धतीवरून जे रण माजतं, त्यात लोकशाहीच्या भवितव्याची भाषा असते. मुळात ती निघाली स्थानिक निवडणुकांच्या खर्चाच्या हिशोबातून, आणि माझ्या मते तिचे गुणदोष तिथंच नीट कळतात.

विलामेट खोऱ्यातली लिन काउंटी गवताच्या बियाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथले काउंटी क्लार्क डेल रायली यांच्याकडे दस्तनोंदणीही होती आणि निवडणुकाही. शाळेच्या कराची निवडणूक असो की मोठी सार्वत्रिक, मतदान केंद्रं उघडावी लागत, माणसं नेमावी लागत, दिवसभर दिवे जळत आणि मतदार मात्र तुरळक. बाहेरगावी असलेल्यांना मतपत्रिका टपालानं जातच होत्या. मग सगळ्यांनाच का पाठवू नयेत? राज्यातल्या निवडणुकांची जबाबदारी सांभाळणाऱ्या तेव्हाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, रिपब्लिकन पक्षाच्या नॉर्मा पॉलस, यांनी कल्पना उचलून धरली. 1981 मध्ये विधिमंडळानं फक्त स्थानिक निवडणुकांसाठी प्रयोगाला परवानगी दिली आणि लिन काउंटीनं तो करून पाहिला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सान डिएगो शहरानंही परिषदगृह बांधावं की नाही याचा कौल टपालानं घेतला. 1987 मध्ये ऑरेगॉननं स्थानिक निवडणुकांसाठी ही सोय कायमची केली.

मतदारांच्या उपस्थितीचा मुद्दा पुढे पैशाचाच झाला. 1996 मध्ये लोकांनी कौल देऊन मालमत्ता करावर लगाम घातला आणि त्यात एक पाचर मारून ठेवली: नोव्हेंबरची मोठी निवडणूक सोडून एरवी नवा कर मंजूर व्हायला नुसतं बहुमत पुरणार नाही, नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्यांनी तरी मतदान केलेलं पाहिजे. म्हणजे कराला विरोध करायचा, तर मत न देताही तो करता येई. वाचनालयाला सत्तर टक्के लोकांनी होकार दिला आणि तरी निम्मा मतदार फिरकला नाही, तर वाचनालयाच्या हाती भोपळा. मे आणि नोव्हेंबरच्या निवडणुकांपुरती ही अट 2008 मध्ये उठली. तोवर प्रत्येक घरी पोचणारा लिफाफा ही छोट्या मंडळांची जीवनदोरीच होती.

राज्यस्तरावरचा प्रवास थोडक्यात सांगायचा, तर त्यात आजच्या वाचकाला गंमत वाटेल अशी उलटापालट आहे, कारण आज या पद्धतीला विरोध होतो तो मुख्यतः रिपब्लिकन पक्षाकडून. 1995 मध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानं सगळ्याच मोठ्या निवडणुका टपालानं घेण्याचं विधेयक मंजूर केलं आणि डेमोक्रॅटिक गव्हर्नर जॉन किट्झहॅबर यांनी ते फेटाळलं. जानेवारी 1996 मध्ये सिनेटची पोटनिवडणूक मात्र टपालानं झाली आणि डेमोक्रॅट रॉन वायडन ती थोडक्यात जिंकले. 1998 मध्ये सुमारे 69 टक्के मतदारांनी कौल देऊन ही पद्धत सर्व निवडणुकांना लागू केली. 2000 मध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूकही संपूर्ण टपालानं झाली. तसं करणारं ते पहिलं राज्य.

लिफाफा जातो कसा आणि येतो कसा, हे बघण्यासारखं आहे. मतदानाच्या दोन-तीन आठवडे आधी मतपत्रिका घरी येते. सोबत गुप्ततेसाठी आतलं पाकीट किंवा कागदी आवरण आणि परतीचा लिफाफा. 2020 पासून परतीचं टपाल सरकारी खर्चानं जातं. परतीच्या लिफाफ्यावर मतदारानं सही करायची. बोटाला शाई नाही, ओळखपत्र दाखवणं नाही. सगळा डोलारा या एका सहीवर उभा आहे. कचेरीत लिफाफ्यावरचा बारकोड वाचला जातो आणि नोंदणीच्या वेळची सही शेजारी ठेवून प्रशिक्षित कर्मचारी दोन्ही ताडून बघतो: अक्षरांचा कल, जोड, शेवटचा फराटा. तरुणांच्या सह्या जास्त अडतात, कारण वाहन परवाना कार्यालयातल्या काचेच्या पाटीवर घाईत ओढलेली रेघ आणि कागदावरची सही यांचं नातं लांबचं असतं. नवरा-बायकोनं एकमेकांच्या लिफाफ्यावर सह्या करून पाठवणं हाही नेहमीचा घोळ. सही जुळली नाही तर मत लगेच बाद होत नाही. मतदाराला कळवतात आणि निवडणुकीनंतर 21 दिवसांपर्यंत दुरुस्तीची संधी देतात. दुसऱ्याच्या वतीनं सही करता येत नाही, अगदी मुखत्यारपत्र असलं तरी.

सही पटली की लिफाफा उघडतात, आणि इथं नाव आणि मत यांची फारकत होते. मतपत्रिका एका गठ्ठ्यात, लिफाफा दुसऱ्यात. मग घड्या सपाट करून मतपत्रिका यंत्राखालून जातात. चहा सांडलेली, फाटलेली असेल, तर वेगवेगळ्या पक्षांची माणसं मिळून नव्या मतपत्रिकेवर जशीच्या तशी नक्कल करतात. हे काम एरवी किरकोळ. मे 2022 मध्ये क्लॅकॅमस काउंटीत मात्र मतपत्रिकांवरचे बारकोडच पुसट छापले गेले होते. यंत्र त्या वाचेना. हजारो मतपत्रिका हातानं उतरवून काढाव्या लागल्या आणि निकाल रखडला. याच काउंटीत 2012 मध्ये एका हंगामी कर्मचाऱ्यानं मतपत्रिकांवर कोऱ्या सोडलेल्या जागा आपल्या पसंतीनं भरल्या होत्या; प्रकरण उघडकीला आलं आणि त्या व्यक्तीला कैद झाली. बोगस मतदार शोधत राज्यभर फिरण्यापेक्षा कचेरीतल्या टेबलावर लक्ष ठेवावं, असं मला वाटतं ते यासाठी.

पण कचेरीच्या नजरेबाहेरही एक टेबल आहे, घरातलं जेवणाचं. मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा मतदाराला सरकारपासून लपवत नाही, तो त्याला नवऱ्यापासून, सासऱ्यापासून, मालकापासून आणि शेजारच्या पुढाऱ्यापासून लपवतो. लिफाफ्यात तो आडोसा नाही. दबाव आणणं कायद्यानं गुन्हा आहे, पण घरातल्या दबावाची फिर्याद कोण देणार? पोर्टलंडजवळच्या हिल्सबरो भागात इंटेल कंपनीच्या निमित्तानं बरीच मराठी कुटुंबं स्थिरावली आहेत. त्यांतल्या नागरिकत्व घेतलेल्यांच्या घरीही हे लिफाफे येतात. घरात एकच जण शाळा मंडळाच्या उमेदवारांची माहिती वाचणारा असेल, तर बाकीच्यांच्या मतपत्रिका कुणाच्या सांगण्यावरून भरल्या जात असतील, याचा अंदाज मराठी वाचकाला सहज येईल.

आपल्याला टपाली मतदानाचा अनुभव आहेच. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष वर्षानुवर्षं घटक संस्थांनी दिलेल्या हजारभर मतदारांना टपालानं मतपत्रिका पाठवून निवडला जाई. गठ्ठा मतांच्या तक्रारी त्या निवडणुकीला चिकटूनच असत. मतपत्रिका कुणीतरी ‘गोळा’ करतो, हे वाक्य साहित्यवर्तुळात कुणाला नवं नव्हतं. अखेर साहित्य महामंडळानं निवडणूकच बंद केली आणि जानेवारी 2019 मधल्या यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमतानं निवड झाली. निवडणूक आयोगानं दुसरा मार्ग धरला: 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरच्या ज्या मतदारांनी घरून मतदान मागितलं, त्यांच्याकडे मतपत्रिका नुसती टपालानं गेली नाही; मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असा ताफा दारात गेला. केंद्रच घरी नेलं, आडोशासकट. ऑरेगॉनला एवढी माणसं आणि गाड्या परवडणार नाहीत, आणि खर्च वाचवण्यासाठीच तर हा खटाटोप सुरू झाला होता. मतदारांनी हा सौदा डोळे उघडे ठेवून पत्करला आहे, असं त्या 69 टक्क्यांवरून म्हणावं लागेल.

नाव टपाली असलं तरी भरलेला लिफाफा टपालातच टाकला पाहिजे असं नाही. वाचनालयं, नगरभवनं यांच्या बाहेर लोखंडी मतपेट्या असतात आणि बरेच जण लिफाफा तिथंच नेऊन टाकतात. ऑक्टोबर 2024 मध्ये पोर्टलंडमधल्या अशा एका पेटीला कुणीतरी आग लावली. आतल्या अग्निशामक पुडीनं काम चोख केलं. तीनच मतपत्रिका होरपळल्या. नदीपलीकडे वॉशिंग्टन राज्यातल्या व्हँकुव्हरमध्ये त्याच दिवशी जाळलेल्या पेटीत मात्र शेकडो खराब झाल्या.

सध्याची डोकेदुखी शिक्क्याची आहे. पूर्वी मतदानाच्या दिवशी रात्री आठपर्यंत लिफाफा कचेरीत पोचलाच पाहिजे, असा दंडक होता. 2022 पासून त्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असेल, तर पुढचे सात दिवस उशिरा आलेलाही धरतात. पण टपाल खात्यानं छाननी एकवटत आणली आहे. दक्षिणेकडच्या मेडफर्डची पत्रंही आता चारशे किलोमीटरवरच्या पोर्टलंडला जातात आणि शिक्का तिथं बसतो, तो टाकल्याच्याच दिवसाचा असेल याची हमी नाही. म्हणून शेवटच्या आठवड्यात निवडणूक अधिकारी सांगतात, टपालावर विसंबू नका, मतपेटी गाठा. तेही जमलं नाही, तर पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून कर्मचाऱ्याकडून समोरासमोर हातानं शिक्का मारून घ्या.